निंबोळीची साक्ष

चैत्र शुद्ध प्रतिपदेच्या सकाळी दारात गुढी उभी राहते आणि देवापुढच्या वाटीत कडुलिंबाची कोवळी पाने, गूळ, हिंग, जिरे, मिरे आणि भिजवलेली हरभऱ्याची डाळ एकत्र वाटून ठेवलेली असते. मुले तोंड वेडेवाकडे करीत तो प्रसाद गिळतात, घरातील कोणी वडीलधारे कडुलिंबाचे गुण सांगतात आणि नववर्षाचा तो कडू क्षण श्रीखंडाच्या वाटीत विरघळून जातो. मग वर्षभर या वृक्षाची आठवण सहसा कोणाला होत नाही. ज्येष्ठ-आषाढात हाच वृक्ष पिवळ्या निंबोळ्यांनी लगडतो. त्या पिकून गळतात, रस्त्यावर पायांखाली चिरडल्या जातात, अंगणात त्यांचा चिकट थर साचतो आणि सकाळी केरसुणीने कचऱ्यात लोटला जातो. पाडव्याला आपल्याला पान आठवते. पण या वृक्षाने आपली खरी संपत्ती ज्या फळात आणि बीमध्ये साठवून ठेवली आहे, ती ओळखण्याची दृष्टी आपण हरवून बसलो आहोत. ज्या समाजाला आपल्या अंगणातील धनाची किंमत परक्याने सांगितल्यावर कळते, त्या समाजाने आत्मपरीक्षण करायला हवे.

हे आत्मपरीक्षण करण्याचे कारण केवळ भावनिक नाही. कडुलिंबाच्या बियांवरून एक मोठा न्यायालयीन संघर्ष झाला, तो युरोपात लढला गेला आणि आपण जिंकलो. या विजयाचा उल्लेख आजही आपल्या व्याख्यानांतून, बौद्धिकांतून अभिमानाने होतो. मात्र तो विजय नेमका कशाच्या बळावर मिळाला, हे सांगणारे फार थोडे असतात. ते समजून घेतले, तर अभिमानाबरोबर काही कर्तव्येही आपल्या पदरी येतील.

बियांतील रसायनशाळा

आयुर्वेदाने निंबाला 'पिचुमंद' म्हटले, 'अरिष्ट' म्हटले. चरकसंहितेने कंडू म्हणजे खाज शमविणाऱ्या दहा द्रव्यांच्या गणात निंबाला स्थान दिले. धान्याच्या कणगीत निंबाचा पाला घालणारी आजी, गोठ्यात त्याचा धूर करणारा शेतकरी, नखुरड्यावर त्याचा लेप लावणारी सुईण यांपैकी कोणी चरक वाचलेला नव्हता. पण पिढ्यान् पिढ्यांच्या निरीक्षणाने आलेले शहाणपण त्यांच्यापाशी होते. 'असे केले की असे होते' इतके त्यांना पक्के ठाऊक होते. 'असे का होते' हा प्रश्न आधुनिक रसायनशास्त्राने विचारला, आणि त्याचे उत्तर मिळविण्याची सुरुवात भारतातच झाली, ही गोष्ट प्रत्येक भारतीयाला माहीत असायला हवी.

१९४२ साली सलीमुझ्झमान सिद्दिकी या रसायनशास्त्रज्ञाने निंबोळीच्या तेलातून तीन कडू द्रव्ये वेगळी काढली आणि त्यांना निंबिन, निंबिनिन व निंबिडिन अशी नावे देऊन ते संशोधन 'करंट सायन्स' या भारतीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. याच सिद्दिकींनी त्यापूर्वी सर्पगंधेच्या मुळांतून अजमलिन हे द्रव्य काढले होते आणि त्याला दिल्लीचे हकीम अजमल खान यांचे नाव दिले होते. फाळणीनंतर, १९५१ मध्ये ते पाकिस्तानात गेले आणि तेथील विज्ञानसंस्थांच्या उभारणीत त्यांनी आयुष्य घालविले. फाळणीने या देशाचे काय काय नेले, याचा हिशेब आपण भूमीत आणि माणसांत करतो. तो ज्ञानातही करावा लागेल. मात्र निंबोळीच्या रसायनशास्त्राचा पहिला धडा या मातीत लिहिला गेला, हे सत्य सीमारेषेने बदलत नाही.

निंबोळीच्या बीमधील या कडू द्रव्यांच्या कुळाला लिमोनॉइड म्हणतात. निंबिन, सॅलॅनिन, गेडुनिन ही त्यांतील काही नावे. पण त्या सर्वांत प्रभावी ठरले ते अझाडिरॅक्टिन. इंग्लंडमधील कील विद्यापीठातील संशोधकांनी १९६८ मध्ये ते बियांतून शुद्ध स्वरूपात वेगळे काढले. कार्बनचे ३५, हायड्रोजनचे ४४ आणि ऑक्सिजनचे १६ अणू यांची ही गुंफण इतकी अवघड निघाली, की तिची अचूक रचना निश्चित होण्यास १९८० च्या दशकाचा उत्तरार्ध उजाडला. पुढे केंब्रिज विद्यापीठातील स्टीव्हन ले यांच्या चमूने हा रेणू प्रयोगशाळेत घडविण्याचा ध्यास घेतला. त्यांना यश आले ते २००७ मध्ये, बावीस वर्षांच्या परिश्रमानंतर! जगातील एका श्रेष्ठ विद्यापीठातील बुद्धिमंतांना ज्यासाठी दोन तपे खर्ची घालावी लागली, तेच काम आपल्या पारावरचा वृक्ष दर उन्हाळ्यात, कोणतेही अनुदान न मागता, हजारो बियांमध्ये करीत असतो. आणि त्या प्रयोगशाळेचा माल आपण केरात लोटतो.

हे द्रव्य कीटकावर काम कसे करते, तेही पाहण्यासारखे आहे. रासायनिक कीटकनाशके बहुधा किडीच्या मज्जासंस्थेवर घाव घालतात आणि तिला जागच्या जागी मारतात. अझाडिरॅक्टिनची रीत वेगळी. ते लागलेले पान पुष्कळ किडी तोंडात घेत नाहीत, आणि ज्या घेतात त्यांच्या शरीरातील कात टाकण्याचे चक्र बिघडते. अळीची कोषावस्था नीट होत नाही, तिची वाढ खुंटते, प्रजननशक्ती घटते. म्हणजे हा शत्रूचा वंश पुढे वाढू न देणारा संयमी उपाय आहे. त्यामुळेच फवारणी केल्यावर दुसऱ्या दिवशी मेलेल्या अळ्यांचा सडा पाहण्याची सवय झालेल्या शेतकऱ्याला 'हे औषध लागू पडत नाही' असे वाटते.

टोळधाडीचा दाखला

१९५९ मध्ये सुदानमध्ये टोळधाड आली असता हाइनरिख श्मुटेरर या जर्मन कीटकशास्त्रज्ञाला दिसले, की भोवतालची हिरवाई फस्त झाली तरी कडुलिंबाची झाडे मात्र शाबूत आहेत. या निरीक्षणातून जर्मनीत निंबसंशोधनाची एक परंपराच उभी राहिली आणि १९८० मध्ये कडुलिंबावरील पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तीही जर्मनीतच.

आता याच्या शेजारी आपला दाखला ठेवू. १९६२ मध्ये दिल्ली परिसरात टोळधाड आली, तेव्हा भारतीय कृषी संशोधन संस्थेतील डॉ. एस. प्रधान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निंबोळीच्या गराचे पाण्यातील विरळ मिश्रण उभ्या पिकांवर फवारले. टोळ पिकांवर उतरले. पण त्यांनी फवारलेली पिके खाल्ली नाहीत. हा साधा, स्वस्त, कोणत्याही शेतकऱ्याला करता येण्याजोगा प्रयोग होता. त्याचा वृत्तान्त एका भारतीय शेतीविषयक मासिकात छापून आला, आणि तिथेच राहिला. जर्मन शास्त्रज्ञाच्या निरीक्षणाला त्याच्या देशाने संस्था दिल्या, परिषदा दिल्या. आपल्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगाला आपण विस्मृती दिली. त्या काळी हरितक्रांतीची चाहूल लागली होती, परदेशी रसायनांचा बोलबाला होता आणि निंबोळीसारख्या फुकटच्या वस्तूत 'प्रगती' दिसत नव्हती.

युरियाची कथा याहून बोलकी आहे. शेतात टाकलेल्या युरियातील नत्राचा मोठा भाग पिकाला न मिळता पाण्याबरोबर निचरून आणि वायुरूपाने उडून जातो. निंबोळीतील द्रव्ये जमिनीतील विशिष्ट जिवाणूंचे काम मंदावतात आणि त्यामुळे नत्र अधिक काळ पिकाच्या मुळांशी टिकते, हे भारतीय शास्त्रज्ञांनी १९७१ च्या सुमारासच दाखवून दिले होते. देशात तयार होणाऱ्या सर्व युरियाला निंबोळी तेलाचा लेप देणे केंद्र सरकारने सक्तीचे केले, ते २०१५ मध्ये. मधली ४४ वर्षे कोठे गेली? या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही परकीय सत्तेकडे मागता येणार नाही. तो निर्णय केल्यावर गुजरातमधील सार्वजनिक क्षेत्रातील एका खत कंपनीने गावोगावच्या महिला बचत गटांकडून निंबोळ्या विकत घेण्याची व्यवस्था उभारली आणि उन्हाळ्याच्या रिकाम्या दिवसांत हजारो ग्रामीण स्त्रियांच्या हाती चार पैसे आले. जे करता येत होते ते आधीच का केले नाही, हाच सल अशा वेळी अधिक टोचतो.

म्युनिकचा निवाडा

आता त्या प्रसिद्ध खटल्याकडे वळू. डबल्यू. आर. ग्रेस ही अमेरिकी कंपनी आणि अमेरिकेचे कृषी खाते यांना युरोपीय पेटंट कार्यालयाने १९९४ मध्ये निंबोळीच्या तेलाविषयी एक पेटंट दिले. 'अमेरिकेने आमच्या कडुलिंबाच्या झाडाचे पेटंट घेतले' असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. ते खरे नाही. ते पेटंट झाडाचे नव्हते. निंबोळीच्या बियांतून विशिष्ट रीतीने काढलेल्या तेलाने वनस्पतींवरील बुरशीचा बंदोबस्त करण्याच्या पद्धतीचे होते. आपली बाजू न्यायाची असताना ती अतिशयोक्तीने मांडण्याची गरज नसते. उलट त्यामुळे ती दुबळी होते.

तो काळ आठवावा. डंकेल प्रस्तावाविरुद्ध देशभर वातावरण तापले होते, स्वदेशीचा विचार घेऊन कार्यकर्ते गावोगाव फिरत होते, कर्नाटकातील शेतकरी संघटनांनी निंबाचा प्रश्न रस्त्यावर आणला होता. १ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली आणि त्याच वर्षी या पेटंटला युरोपात आव्हान दिले गेले. आव्हान देणाऱ्यांत डॉ. वंदना शिवा, युरोपीय संसदेतील हरित गटाच्या बेल्जियन नेत्या माग्दा आलव्होएट आणि सेंद्रिय शेतीची आंतरराष्ट्रीय संघटना होती. यांतील काहींशी आपले अनेक विषयांत मतभेद असतील, आहेतही. पण राष्ट्राच्या ज्ञानधनाचे रक्षण ज्यांनी केले, त्यांचे श्रेय मोकळ्या मनाने मान्य करणे हाही राष्ट्रीय विचाराचाच भाग आहे.

मे २००० मध्ये म्युनिकला सुनावणी झाली. 'आमच्या पूर्वजांना हे सारे ठाऊक होते' एवढे सांगून ते न्यायपीठ मानणार नव्हते. त्याचा प्रश्न रोकडा होता : पेटंटच्या अर्जापूर्वी ही विशिष्ट पद्धत कोणी, कोठे, केव्हा उघडपणे वापरली? या प्रश्नाचे निर्णायक उत्तर मिळाले ते पुण्यातून. तेथील एका उद्योगाच्या व्यवस्थापकाने म्युनिकला जाऊन साक्ष दिली, की १९८५ आणि १९८६ च्या उन्हाळ्यात पुणे आणि सांगली जिल्ह्यांतील शेतांवर निंबोळीच्या अशाच अर्काच्या चाचण्या झाल्या होत्या. ही साक्ष ग्राह्य धरली गेली. १० मे २००० रोजी पेटंट रद्द झाले. पेटंटधारकांनी अपील केले, आणि ८ मार्च २००५ रोजी तेही फेटाळले गेले.

महाराष्ट्राच्या वाचकाला याचा आनंद वाटावा, हे स्वाभाविकच आहे. पण त्या आनंदात एक बोध दडलेला आहे. हजारो वर्षांची परंपरा आपल्या पाठीशी होती, हे खरेच. परंतु निकालाचे पारडे फिरविले ते पुणे-सांगलीच्या शेतात झालेल्या, तारखांनिशी सांगता येणाऱ्या दोन उन्हाळ्यांच्या चाचण्यांनी. परंपरेने आपल्याला अधिकार दिला. तो सिद्ध केला नोंदीने. समजा, त्या चाचण्या झाल्याच नसत्या, किंवा झाल्या असत्या पण त्यांच्याविषयी खात्रीने सांगणारे कोणी उरले नसते, तर? न्याय आपल्या बाजूला असूनही निकाल कदाचित विरुद्ध गेला असता.

हळदीच्या बाबतीतही हेच घडले होते. जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये एका विद्यापीठाला मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले, तेव्हा संस्कृत ग्रंथांबरोबरच १९५३ साली भारतीय वैद्यकीय नियतकालिकात छापलेला एक शोधनिबंधही पुरावा म्हणून ठेवला, आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. या लढ्यांतून धडा घेऊन २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचा अंकीय ग्रंथसंग्रह उभा राहू लागला. संस्कृत, अरबी, फारसी, तमिळ ग्रंथांतील योग पाश्चात्त्य भाषांत आणून ते जगभरच्या पेटंट परीक्षकांना उपलब्ध करून देणारे हे काम, गाजावाजा न करता झालेल्या मोठ्या राष्ट्रकार्यांपैकी एक आहे. मे २०२४ मध्ये जिनिव्हा येथे जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या सदस्य राष्ट्रांनी एक करार स्वीकारला. जनुकीय संसाधनांवर आणि त्यांच्याशी निगडित पारंपरिक ज्ञानावर आधारलेल्या संशोधनाचे पेटंट मागताना त्याचे उगमस्थान सांगावे, हे तत्त्व त्यात मान्य झाले. तीस वर्षांपूर्वी ज्या मागणीला भावनिक ठरविले जात होते, तिला आंतरराष्ट्रीय कराराचे रूप आले.

गौरव आणि विवेक

पण ग्रंथांत जे आहे त्याची नोंद झाली. जे ग्रंथांत नाही त्याचे काय? डोंगरकपारीतील वनवासी बांधवांचे, धनगराचे, वैदूचे, गावच्या सुईणीचे ज्ञान कोणत्याही पोथीत नाही. ते एका माणसाबरोबर संपते. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी व्यवस्थापन समित्या आणि जैवविविधता नोंदवह्या यांची तरतूद केली. डॉ. माधव गाडगीळांनी या लोकनोंदवह्यांच्या कल्पनेचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. पण कागदावरची समिती आणि भरलेली नोंदवही यांत मोठे अंतर असते. शहरातल्या टेबलावर बसून, शेजारच्या गावाची नक्कल करून भरलेली नोंदवही उद्या एखाद्या न्यायपीठापुढे काय साक्ष देणार? वनवासी क्षेत्रात आणि ग्रामविकासात आयुष्य वेचणारे कार्यकर्ते आपल्याकडे आहेत. म्हाताऱ्या वैदूच्या शेजारी बसून, त्याच्या संमतीने, त्याचे नाव आणि गावाचा हक्क राखून ते ज्ञान लिहून घेणे हे काम त्यांच्याइतके चांगले दुसरे कोण करील?

दुसरे कर्तव्य अधिक अवघड आहे, कारण ते आपल्याच उत्साहाला लगाम घालणारे आहे. कडुलिंबाविषयीच्या प्रेमापोटी आज काहीही सांगितले जाते. सकाळी रिकाम्या पोटी निंबाचा रस पेलाभर प्यावा म्हणजे मधुमेह पळतो, कर्करोग बरा होतो, असे संदेश आपल्यातील सुशिक्षित माणसेही शहानिशा न करता पुढे पाठवितात. निंबोळीतील द्रव्यांचे कर्करोगाच्या पेशींवरील परिणाम प्रयोगशाळांत तपासले गेले आहेत, हे खरे. पण काचेच्या बशीतील पेशी आणि अंथरुणावरचा रुग्ण यांत पुष्कळ अंतर आहे. जे द्रव्य किडीचे जीवनचक्र उलटेपालटे करू शकते, ते मनुष्याच्या शरीरातही निरुपद्रवीच असेल असे मानणे भाबडेपणाचे. मलेशियात लहान मुलांना घरगुती उपचार म्हणून निंबोळीचे तेल पाजल्याने गंभीर विषबाधा झाल्याचे वृत्तान्त १९८० च्या दशकाच्या आरंभीच वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाले आहेत. त्यांत मुले दगावलीही. 'नैसर्गिक आहे म्हणजे अपायकारक नाही' हे आयुर्वेदाचे वचन नाही. ते जाहिरातीचे आहे. आयुर्वेद मात्रा सांगतो, अनुपान सांगतो, काल आणि प्रकृती पाहतो. त्याचा खरा अनुयायी निंबोळीचे तेल वैद्याच्या सल्ल्याविना कोणाच्या पोटात जाऊ देणार नाही. परंपरेची बदनामी तिच्या विरोधकांपेक्षा तिच्या अतिउत्साही भक्तांकडून अधिक होते.

तिसरे कर्तव्य शेतातले आहे, आणि ते जीवन-मरणाचे आहे. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडोंना रुग्णालयांत ठेवावे लागले. ज्या विदर्भाच्या बांधाबांधावर कडुलिंब उभा आहे, त्या विदर्भात ही वेळ यावी, यासारखा दैवदुर्विलास नाही. निंबोळी अर्काने ती सारी फवारणी टळली असती, असा दावा कोणी करू नये. बोंडात शिरलेल्या अळीला अर्क गाठू शकत नाही, आणि कीड हाताबाहेर गेल्यावर त्याचा उपयोग मर्यादितच. पण हंगामाच्या सुरुवातीला, रस शोषणाऱ्या किडी दिसू लागताच आणि पतंग अंडी घालू लागताच पाच टक्क्यांचा निंबोळी अर्क फवारावा, अशी शिफारस कृषी खाते आणि कृषी विद्यापीठे वर्षानुवर्षे करीत आहेत. अशी एखाददुसरी जहाल फवारणी वाचली, तरी पैसा वाचतो आणि कोणाच्या तरी घरचा कर्ता पुरुष विषाच्या धुक्यातून एक वेळ कमी जातो.

हा अर्क घरी करण्याची रीत सोपी आहे. वाळलेल्या निंबोळ्यांची पाच किलो भुकटी रात्रभर पाण्यात भिजत ठेवायची, सकाळी फडक्यातून गाळायची, दोनशे ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून त्यात मिसळायचा आणि सारे द्रावण शंभर लिटर करून त्याच दिवशी फवारायचे. उन्हात अझाडिरॅक्टिन लवकर विघटित होते, म्हणून फवारणी सायंकाळी करायची. या सूचनांच्या मागे रसायनशास्त्र आहे. चांगल्या बीच्या गरात अझाडिरॅक्टिन असते साधारण ०.२ ते ०.६ टक्के, ओलसर पोत्यात बुरशी लागलेल्या निंबोळीत ते टिकत नाही. निंबोळी जमिनीवर कुजण्याआधी वेचणे, गर धुऊन काढणे, सावलीत हवेशीर वाळविणे, तागाच्या पोत्यात ठेवणे ही कामे नीट झाली नाहीत, तर अर्क म्हणजे नुसते कडू पाणी! खादी आणि ग्रामोद्योग आयोगासाठी सी. एम. केतकर यांनी निंबोळीच्या उपयोगांवरील आपला विस्तृत अहवाल १९७६ साली सिद्ध केला होता. या ज्ञानाला पन्नास वर्षे होत आली. ते वाचनालयातून वावरात पोहोचविण्याचे काम शिल्लक आहे.

ज्येष्ठातील व्रत

आपल्या शास्त्रज्ञांनी कडुलिंबाकडे पाठ फिरविली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. चेन्नईत टी. आर. गोविंदाचारी यांच्यासारख्या थोर रसायनशास्त्रज्ञाने उतारवयात निंबोळीतील द्रव्यांचा सखोल अभ्यास केला. २०१२ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी कडुलिंबाच्या जनुकसंचाचा आराखडा प्रसिद्ध केला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, झाड हे रेणू कसे घडविते याचा शोध घेतला गेला. उणीव शास्त्रज्ञांच्या बुद्धीत नाही. उणीव आहे ती प्रयोगशाळा, पेठ आणि पार यांना जोडणाऱ्या दुव्याची. हा दुवा सरकार एकटे निर्माण करू शकत नाही. तो समाजाला निर्माण करावा लागतो, आणि समाज म्हणजे आपणच.

म्हणून एक साधी सूचना. पाडव्याचा प्रसाद आपण घेतोच. त्याला ज्येष्ठाची जोड देऊ. जूनमध्ये निंबोळ्या पडू लागल्या, की आपल्या वस्तीतील, शाळेच्या आवारातील, देवळाभोवतालच्या कडुलिंबाखालील निंबोळ्या वेचण्याचा उपक्रम एखाद्या शाखेने, एखाद्या महिला मंडळाने, एखाद्या शाळेने हाती घ्यावा. वेचलेल्या निंबोळ्या धुऊन, वाळवून जवळच्या शेतकरी गटाला किंवा बचत गटाला द्याव्यात. कोणत्या झाडाखाली किती मिळाल्या, केव्हा मिळाल्या, अर्क कोणत्या शेतात कोणत्या किडीवर कसा लागू पडला आणि कोठे पडला नाही, हे तारीखवार वहीत लिहावे. अपयशही लिहावे, कारण केवळ यशाची नोंद असलेल्या वहीवर कोणी विश्वास ठेवत नाही. मुलांना यात सामील करावे. पाडव्याला कडू घास गिळताना ज्याचे कारण त्यांना कळले नाही, ते निंबोळी फोडताना बोटांना लागलेल्या कडवटपणातून कळेल.

रस्तारुंदीकरणात शंभर वर्षांचा कडुलिंब पडतो आणि त्याच्या जागी परदेशी शोभेचे झाड लागते, तेव्हा आपण मुकाट्याने पाहतो. त्या वेळी म्युनिकचा अभिमान कोठे जातो? वृक्ष राखला नाही, फळ वेचले नाही, अनुभव लिहून ठेवला नाही आणि हक्क मात्र सांगितला, तर उद्याचे न्यायपीठ तो मानणार नाही. आणि त्याने का मानावा?

दोन उन्हाळे पुणे आणि सांगलीच्या शेतांत काही माणसे घाम गाळीत होती. आपल्या त्या कामाची साक्ष पंधरा वर्षांनी सातासमुद्रापार काढली जाईल, हे त्यांच्या स्वप्नातही आले नसेल. त्यांनी आपले काम चोख केले, इतकेच. येत्या ज्येष्ठात आपल्या अंगणात निंबोळ्यांचा सडा पडेल, तेव्हा केरसुणी उचलण्यापूर्वी क्षणभर थांबावे आणि परडी आणावी.